सापाची भयंकर भीती वाटते? खान्देशातले लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

मिरगाचा पाऊस पडला की जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत कुठे ना कुठे "साप निंघना, साप निंघना" अशी आरोळी ऐकू येतेच, कधी गोठ्यात, कधी केळीच्या बागेत, कधी धाब्याच्या घराच्या माळवदात. बहुतेकांची धडधड पाच-दहा मिनिटांत थांबते आणि ते कामाला लागतात. काहींची मात्र थांबत नाही, ते आठवडाभर शेताकडे फिरकत नाहीत, रात्री लाईट लावून झोपतात, मोबाईलवर सापाचा फोटो आला तरी फोन हातातून टाकून देतात. मी समुपदेशनाचं काम करते आणि असे लोक माझ्याकडे येतात, त्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे नेहमीचे प्रश्न इथे घेतलेत. सापाचा एकही फोटो टाकलेला नाही, त्यामुळे बिनधास्त खालपर्यंत वाचत जा.

सापाला तर सगळेच भितात, मग माझी भीती जास्त आहे हे कसं ओळखायचं?

भीती किती वाटते यापेक्षा ती तुमच्याकडून काय काय हिरावून घेते ते बघा. शेतात जाणं बंद झालं, माहेरी जायचं तर वाटेत गवत आहे म्हणून टाळलं, संडासला रात्री जायचं नाही म्हणून संध्याकाळनंतर पाणीच प्यायचं नाही, टीव्हीवर साप दिसेल म्हणून रिमोट हातातच ठेवायचा, असं सहा महिने किंवा त्याहून जास्त चालू असेल तर डॉक्टर त्याला फोबिया म्हणतात. हा मनाचा ओळखीचा आणि बरा होणारा त्रास आहे. घाबरट स्वभाव, कमजोर मन असलं काही नसतं. रात्री-अपरात्री एकटे टॅक्टर चालवणारे धिप्पाड गडी यात सापडलेले मी बघितलेत.

आमच्या शेतात खरंच साप असतात, मग भीती घालवायची तरी कशाला? ती चांगलीच नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण शहरातल्या माणसाला "साप काही करत नाही हो" म्हणणं सोपं असतं, आपल्याला तसं म्हणता येत नाही. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने साधारण १२ लाख लोक गेले असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यातले बहुतेक खेड्यातले, शेतात राबणारे. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं ते यामुळेच. त्यामुळे सापाबद्दलची भीती शून्यावर आणायची हे माझं ध्येय कधीच नसतं आणि तुमचंही नसावं.

फरक असा बघा, अंधारात टॉर्च घेऊन आणि गमबूट घालून बाहेर पडणं ही अक्कल झाली, पण टॉर्च, बूट, सोबतीला माणूस असं सगळं असूनही दारातून पाय न निघणं हा फोबिया. अक्कल तुम्हाला वाचवते. फोबिया वाचवत नाही, उलट तो असलेला माणूस साप दिसल्यावर थिजून जागेवरच उभा राहतो किंवा आंधळ्यासारखा पळतो आणि दगडाला ठेचकाळून पडतो. आपल्याला भीती एवढ्यावर आणायची की पाय चालले पाहिजेत आणि डोकं पण चाललं पाहिजे.

मला साप कधी चावला नाही, जवळून नीट बघितला पण नाही, तरी एवढी भीती आली कुठून?

बहुतेकांचं असंच असतं. माणसाचा मेंदू सापाला पटकन ओळखायला आणि त्याची भीती पटकन शिकायला तयारच असतो असं संशोधक म्हणतात. १९८० च्या दशकात सुझान मिनेका आणि मायकेल कुक यांनी माकडांवर प्रयोग केले होते. प्रयोगशाळेत वाढलेल्या, साप कधीच न बघितलेल्या माकडांना सापाची भीती नव्हती, पण दुसरं माकड सापाला बघून घाबरतंय असा व्हिडिओ दाखवला की तीही घाबरायला शिकली. तसाच व्हिडिओ फुलाचा केला, म्हणजे माकड जणू फुलाला बघून घाबरतंय, तर ते बघून मात्र ती फुलाला घाबरायला शिकली नाहीत.

आता आपल्या घरातलं आठवा. आई किंचाळून खाटेवर चढलेली, आजी रात्री सापाचं नाव घेऊ द्यायची नाही, "जनावर" म्हणायची, चुलीजवळच्या गोष्टींत नागिणीचा सूड असायचा. चावायची गरजच पडली नाही, बघून आणि ऐकूनच शिकलो. शिकलेली असल्यामुळे तिच्यावर नवीन शिकवण पण घालता येते.

साप दिसला की छाती एवढी धडधडते की अटॅकच येईल असं वाटतं. येतो का?

निरोगी हृदय असेल तर त्या धडधडीने काही होत नाही. शरीर पळायची तयारी करतं, अॅड्रेनालिन वाढतं, श्वास जोरात, हात गार, तोंडाला कोरड, पायात कापरं. ही लाट काही मिनिटांत टोकाला जाते आणि नंतर आपोआप ओसरते कारण शरीर तेवढा जोर फार वेळ धरून ठेवूच शकत नाही. त्या वेळी श्वास हळू सोडायचा, आत घेताना मनात चार मोजले तर सोडताना सहा-सात. आधीपासून हार्टचा, बीपीचा त्रास असेल तर मात्र पुढे सांगितलेला सराव सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि छातीत दुखून हातात कळ जात असेल तर भीतीच असेल असं धरून घरी बसू नका.

टाळत राहिलं तर काळानुसार भीती कमी नाही का होणार?

नाही होत, वाढते. तुम्ही शेताच्या बांधावरून परत फिरलात की छाती लगेच हलकी होते, आणि मेंदू त्यातून शिकतो की परत फिरलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो बांधाच्या आधी, रस्त्यावरच अडवतो. मग घराच्या ओट्यावर. सावकाराचं व्याज जसं चढतं तसं हे टाळणं चढत जातं, सुरुवातीला फक्त केळीची बाग नको असते, वर्षभराने हिरव्या रंगाचा पाईप पण नको होतो.

मग नेमका इलाज काय?

इलाजाचं नाव एक्सपोजर, म्हणजे भीतीच्या गोष्टीला थोडं थोडं, ठरवून, स्वतःच्या मर्जीने सामोरं जाणं. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५० च्या दशकात पायरीपायरीने भीती उतरवायची पद्धत मांडली, पुढे १९६९ मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सापाला घाबरणाऱ्या लोकांवरच काम करून दाखवलं की आधी दुसऱ्याने शांतपणे करून दाखवायचं आणि मग सोबत राहून त्या माणसाकडून करून घ्यायचं, याचा फार चांगला परिणाम होतो. आजही फोबियावर पहिला इलाज हाच.

भीती मोजायला मी आणे वापरते. सोळा आणे म्हणजे जीव जातो की काय असं, आठ आणे म्हणजे निम्मी, दोन आणे म्हणजे जरा चुळबुळ. आधी आपल्या भीतीच्या पायऱ्या लिहून काढायच्या आणि प्रत्येकीपुढे आणे टाकायचे.

रावेर भागातल्या एका ताईंचं सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून. पिलबागेत, म्हणजे कापलेल्या केळीच्या बुंध्याशी फुटलेल्या पिलांच्या बागेत, वाळलेली केळपानं काढताना त्यांच्यासमोर घोणस आली, चावली नाही, पण त्यानंतर बाग बंद. साप हा शब्दसुद्धा तोंडातून निघत नव्हता, "ते" म्हणायच्या. त्यांची पहिली पायरी होती कोऱ्या कागदावर "साप" लिहायचं आणि त्या कागदाकडे बघत बसायचं. दहा आणे भीती होती. कागद उलटा करायचा नाही, डोळे मिटायचे नाहीत, मध्येच उठून भाजीला फोडणी द्यायला जायचं नाही, आणे निम्म्यावर येईपर्यंत बसायचं. कंटाळा यायला लागला की समजायचं काम झालं. मग पोराच्या चित्रकलेच्या वहीतला रेघांचा साप, मग काळापांढरा फोटो, मग रंगीत, मग आवाज बंद करून व्हिडिओ, मग आवाजासकट. मग जत्रेत मिळतो तो रबरी साप, आधी खोलीच्या त्या टोकाला, मग खाटेवर, मग पदराशेजारी, मग हातात. रबरी सापाला त्यांनी सोळापैकी चौदा आणे दिले होते, तिथे त्या बरेच दिवस अडकल्या, रडल्या पण, आणि मी घाई केली नाही. त्यानंतर बागेची पाळी. भर दुपारी नवऱ्यासोबत नुसतं बांधावर उभं राहायचं, मग पहिल्या दोन ओळी, मग हातातल्या काठीने वाळलेली पानं हलवून बघायची, मग नवरा बांधावर आणि त्या एकट्या आत. आता त्या बागेत जातात. बूट घालून, काठी घेऊन, पानं आधी हलवून, आणि ते तसंच राहिलं पाहिजे.

तीन गोष्टी पक्क्या धरा. पायरी तुम्ही ठरवायची, दुसऱ्याने ढकलायचं नाही. भीती टोकाला असताना सोडून उठायचं नाही, जरा उतरू द्यायची आणि मगच थांबायचं. आणि सराव रोजच्या रोज, कारण महिन्यातून एकदा केलं तर दरवेळी पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

किती दिवस लागतात?

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात एकाच बैठकीत, जास्तीत जास्त तीन तासांत फोबियावर काम करायची पद्धत आणली आणि ती पुष्कळ लोकांना लागू पडते. पण त्यासाठी शिकलेला थेरपिस्ट सोबत लागतो. घरच्या घरी करत असाल तर काही आठवडे ते दोन-तीन महिने धरून चाला, आणि पावसाळ्याच्या तोंडावर सुरू करण्यापेक्षा थंडीत सुरू करा, तेव्हा शेतात साप तुलनेने कमी दिसतात.

सर्पमित्राला बोलावून एकदम सापच हातात घेतला तर भीती एका झटक्यात जाईल ना?

कृपा करून असं करू नका. एक तर तयारी नसताना सोळा आण्यांवर उडी मारली तर भीती दुप्पट होऊन परत येते. दुसरं म्हणजे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण आहे, त्यांना पकडून ठेवणं, खेळ दाखवणं, गळ्यात घालून फोटो काढणं गुन्हा आहे. तिसरं, साप हाताळताना अनुभवी माणसंही मेली आहेत. जिवंत साप बघायचाच असेल तर पुण्याच्या कात्रजच्या सर्पोद्यानासारख्या ठिकाणी काचेच्या पलीकडे बघा, ती शेवटच्या पायऱ्यांमधली उत्तम पायरी आहे.

रोज रीलवर साप बघतो, तरी भीती कमी होत नाही, असं का?

कारण रील अचानक समोर येतं, तुम्ही दचकता आणि लगेच वर सरकवता, म्हणजे पुन्हा टाळणंच झालं. वर ते व्हिडिओ घाबरवण्यासाठीच बनवलेले, मागे म्युझिक, साप अंगावर येतोय असं दाखवलेलं. सरावाचा व्हिडिओ साधा पाहिजे, साप नुसता सरपटत चाललाय, जीभ बाहेर काढतोय, बस.

गोळी नाही का यावर?

मुळावर काम करेल अशी गोळी नाही. घबराट फार असेल, झोप उडाली असेल, सोबत डिप्रेशन असेल तर मानसोपचारतज्ज्ञ काही काळ औषध देतात. मेडिकलवरून स्वतःच्या मनाने झोपेच्या गोळ्या आणू नका, सवय लागते. आणि दारू पिऊन रात्री शेतात जाणाऱ्यांनी तर सरळ समजून घ्या की भीती जात नाही, फक्त पायाखालचं दिसणं जातं.

आपल्याकडे विषारी साप नेमके कोणते?

माणसाचा जीव घेणारे मुख्य चार, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. भारतात सापांच्या तीनशेच्या वर जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक माणसासाठी निरुपद्रवी. गावात जे साप निघतात आणि काठीने मारले जातात त्यात धामण, दिवड, कवड्या, तस्कर, मांडूळ असे बिनविषारी पुष्कळ असतात.

नाग फणा काढतो म्हणून ओळखू येतो, पण दरवेळी काढेलच असं नाही. घोणस जाडजूड, अंगावर साखळीसारखे तपकिरी ठिपके, आणि डिवचली तर कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. तो आवाज ऐकून लोकांचं पाणी पाणी होतं पण तो "लांब राहा" असा इशारा आहे, ऐकून मागे सरकलात तर विषय संपतो. फुरसं लहानखुरं, मुरमाड, खडकाळ जागी, अंगाचे वेटोळे एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं. मण्यार काळी-निळसर, अंगावर पांढरे बारीक पट्टे, रात्री फिरते. कवड्या तिच्यासारखाच दिसतो, पण त्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे उलट शेपटीकडे ठळक. ही माहिती भीती कमी करायला आहे, जवळ जाऊन पट्टे मोजायला नाही. न ओळखलेला प्रत्येक साप विषारी समजून लांब राहायचं.

आणि लांब म्हणजे किती? साप साधारण आपल्या लांबीच्या निम्म्यापर्यंत झेप घेतो. तुम्ही आठ-दहा फुटांवर उभे असाल तर तो तुम्हाला चावू शकत नाही. हा एक आकडा ऐकून मोकळा श्वास घेतलेली माणसं मी बघितली आहेत.

नाग डूख धरतो, धामण गाईचं दूध पिते, हे खरं का?

नाही. सापाच्या मेंदूत माणूस लक्षात ठेवून सूड घ्यायची सोयच नाही. मारलेल्या सापाच्या जागी दुसरा साप आला तर तो उंदरांमुळे आला असेल. धामणीच्या तोंडात सुईसारखे मागे वळलेले दात असतात, ते गाईच्या सडाला लागले तर गाय लाथ झाडल्याशिवाय राहणार नाही, आणि दूध हे सापाचं अन्नच नाही. मांडूळ दुतोंडी नसतं, त्याची शेपटी बोथट असते एवढंच. लोक आमच्याकडे येऊन "आमच्या आज्याने नाग मारला होता, तो घराण्याच्या मागे आहे" असं रडून सांगतात तेव्हा वाईट वाटतं, तीन पिढ्या त्या ओझ्याखाली काढलेल्या असतात.

रात्रीची लाईट असते, मोटर चालू करायला जावंच लागतं. तेव्हा काय करू?

कपाशी-मक्याला पाणी भरायचं आणि वीज रात्रीच, त्यामुळे हा प्रश्न निम्म्या खान्देशाचा आहे. गुडघ्याखालपर्यंत गमबूट, हातात चांगला टॉर्च, दुसऱ्या हातात काठी, पाय आपटत चालायचं कारण सापाला जमिनीची थरथर लगेच कळते आणि तो बहुतेक वेळा बाजूला होतो. स्टार्टरच्या पेटीत, मोटरच्या खोलीत हात घालण्याआधी उजेड मारायचा. घराजवळ पऱ्हाट्या-तुराट्यांचे ढीग, विटांचा थर ठेवायचा नाही, कारण तिथे उंदीर आणि उंदरामागे साप. धान्याच्या कोठ्या झाकलेल्या ठेवा. जमिनीवर झोपू नका, खाट घ्या, आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचा, मण्यार झोपेत चावते त्यावर याच्याइतका स्वस्त उपाय नाही.

हे सगळं एकदा करायचं. खोचलेली मच्छरदाणी रात्रीतून दहा वेळा उठून तपासत असाल, तर ते तपासणं भीतीला खाऊ घालतंय. एकदा बघा आणि पडा.

आणि चावलाच तर?

हे माहीत असलं की निम्मी भीती उतरते, म्हणून पाठच करा. माणसाला खाली बसवा किंवा आडवं करा, धीर द्या, चावलेला हात-पाय लाकडी पट्टी लावून हलणार नाही असा ठेवा, अंगठी, बांगड्या, जोडवी, घड्याळ काढा, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने थेट दवाखान्यात. दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, बर्फ नाही, साप पकडत बसायचं नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत अजून आधी भगताकडे नेतात, तिथे गेलेला एक तास परत येत नाही. विषावर औषध एकच, प्रतिविष, आणि आपल्या चारही मुख्य सापांवर तेच एक चालतं, म्हणून साप कोणता होता हे माहीत नसलं तरी अडत नाही, डॉक्टर लक्षणं आणि रक्त गोठण्याची २० मिनिटांची टेस्ट बघून ठरवतात. मण्यारीच्या दंशात दुखत-सुजत नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, म्हणून "काही दिसत नाही" म्हणून घरी थांबू नका. विषारी साप चावला तरी दरवेळी विष सोडतोच असं नाही, पण ते घरी ठरवायचं नाही.

मागच्या वर्षी मला साप चावला, वाचलो, पण अजून त्याच रात्रीत अडकलोय.

भाऊ, हे फोबियापेक्षा वेगळं असू शकतं. श्रीलंकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साप चावून वाचलेल्या साधारण पाचातल्या एकाला आघातानंतरचा मानसिक त्रास दिसला होता, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं, झोपेतून ओरडत उठणं, चिडचिड. यात वरच्या पायऱ्या एकट्याने करू नका, मानसोपचारतज्ज्ञाला भेटा.

स्वप्नात साप येतात. काळसर्पाची शांती करावी का?

दिवसभर ज्याची धास्ती, तेच रात्री येतं, सराव सुरू झाला की स्वप्नंही हळूहळू कमी होतात. त्र्यंबकेश्वरला जाऊन मनाला शांत वाटत असेल तर तुमची श्रद्धा तुमच्याकडे, मी त्यात बोलणार नाही. फक्त त्यासाठी कर्ज काढू नका, आणि शांती झाली म्हणून सराव सोडू नका.

नागपंचमी जवळ आली की माझं अंग कापतं. घरात पूजा असते, काय करू?

भिंतीवर किंवा पाटावर काढलेला नाग ही तर तयार पायरी आहे. या वर्षी लांबून नमस्कार, पुढच्या वर्षी लाह्या वाहायच्या, त्यानंतर गंधाने नाग स्वतः काढायचा. नंतरच्या रविवारी कानबाई बसते, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, तेव्हा कुणी थट्टेने सापाचं काही पुढे करू नये म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवा. आणि दारात कुणी टोपलीत नाग घेऊन आला तर त्याला दूध-पैसे देऊ नका. त्या नागाचे दात बऱ्याचदा काढलेले असतात, तो उपाशी असतो.

मुलगी सात वर्षांची आहे, अंगणात खेळायला पण तयार नाही.

आधी "बाहेर जाऊ नको, साप येईल" हे घरातल्या सगळ्यांनी बंद करायचं, आजीनेसुद्धा. मुलं आपल्या चेहऱ्याकडे बघून शिकतात, त्यामुळे तिच्यासमोर तुमचा आवाज शांत राहिला पाहिजे. तिला सापाचं चित्र रंगवू द्या, नाव ठेवू द्या. अंगणात आधी तुमच्यासोबत, मग तुम्ही ओट्यावर. साप दिसला तर काय करायचं ते खेळासारखं शिकवा, थांब, मागे सरक, मोठ्यांना हाक मार.

मदत कुठे मिळेल?

टेली-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारची हेल्पलाईन, नंबर १४४१६, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथल्या मानसोपचार विभागात केसपेपर काढा आणि स्पष्ट सांगा की "सापाची भीती आहे आणि मला एक्सपोजर थेरपी पाहिजे." घरात साप निघाला तर वनविभागाचा १९२६ नंबर लावा, तोवर सापावर लांबून नजर ठेवा, पोरं-ढोरं बाजूला करा.

घरचे हसतात, पोरं मुद्दाम दोरी अंगावर टाकतात. त्यांना काय सांगू?

त्यांना हे वाचायला द्या. दादा, वहिनी, जे कोणी वाचत असाल, दोरी टाकून तुम्ही त्या माणसाची कित्येक आठवड्यांची मेहनत एका सेकंदात पुसता. "त्यात काय भ्यायचं" म्हणू नका, आणि दरवेळी त्याचं काम स्वतः करून त्याला शेतापासून वाचवूही नका. त्याने आजची पायरी कोणती ठरवलीय ते विचारा आणि तेवढा वेळ सोबत उभे राहा, काही न बोलता चालेल. तो थांबला तर थांबा. उद्या परत विचारा.